गाडीच्या मागून घुंघुं आवाज येतोय? डिफरन्शियल खोलण्याआधी काय काय तपासायचं

पावसाळा सरतो, कापूस वेचणीला येतो आणि गावोगावच्या पिकअप, बोलेरो, छोटे हत्ती एकदम कामाला लागतात. चार महिने पांदणीच्या चिखलातून आणि रपट्यावरच्या पाण्यातून काढलेली गाडी आता जिनिंगपर्यंत भरून न्यायची असते. नेमकं तेव्हाच कुणीतरी गॅरेजसमोर गाडी लावून म्हणतो, "मिस्त्री, मांगून आवाज येऊन राह्यला." आणि उभ्या उभ्याच ठरतं, की डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन्ही चाकांना फिरवणारा गिअरचा संच, गेलं.

हा लेख त्या निर्णयाच्या आधीच्या कामाबद्दल आहे. ज्यांनी पहिल्यांदाच मागच्या चाकांवर चालणारी जुनी गाडी घेतली, किंवा जे नुकतेच गॅरेजात हाताखाली लागले, त्यांनी तो वाचावा. मागून येणारे पुष्कळ आवाज डिफरन्शियलचे नसतातच. टायर, हबचं (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाचं) बेअरिंग, जॉइंट शाफ्टचा क्रॉस (सांध्यातला अधिकच्या चिन्हासारखा तुकडा), त्या शाफ्टला मधे धरणारं सेंटर बेअरिंग, यांचा आवाजही त्याच जागेतून आल्यासारखा वाटतो, कारण पत्र्याचा हौदा आणि चेसिस आवाज इकडून तिकडे वाहून नेतात. डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियनचा, म्हणजे मोठ्या-लहान दातेरी चाकांचा, सेट बदलून झाला, पैसे गेले, आणि घरी जाताना घुंघुं तशीच, हे फार वाईट होतं. एका शेतकऱ्याच्या किंवा भाड्याने गाडी चालवणाऱ्याच्या हंगामाची कमाई त्यात जाते. म्हणून माझा आग्रह एवढाच: आवाज कसा आहे याचं वर्णन करत बसू नका, तो कधी येतो आणि कधी थांबतो ते टिपा. निदान त्यातून होतं.

आधी गाडी ओळखा

अल्टो, वॅगन-आर, स्विफ्ट, अर्टिगा या गाड्यांची पुढची चाकं ओढतात. त्यांचं डिफरन्शियल पुढे, गिअरबॉक्सच्या पोटातच असतं. अशा गाडीत मागून आवाज आला तर टायर, बेअरिंग, ब्रेक, शॉकअप एवढंच बघायचं. बोलेरो, स्कॉर्पिओ, सुमो, क्रूझर, ईको, जुनी ओम्नी, इनोव्हा क्रिस्टा, टाटा एस, सगळ्या पिकअप यांना मात्र मागे डिफरन्शियल आहे. खाली वाकून पाहा: गिअरबॉक्सपासून मागे जाणारा लांब पाईप, म्हणजे जॉइंट शाफ्ट, आणि मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी भोपळा दिसला, की पुढचं वाचा.

त्या भोपळ्यात काय असतं, ते थोडक्यात. जॉइंट शाफ्ट पिनियनला फिरवतो, पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो. इथे वेग कमी होतो, ताकद वाढते, आणि फिरण्याची दिशा काटकोनात वळते. क्राऊनला बोल्टने बसवलेल्या केजमध्ये स्टार आणि सन गिअर असतात. गाडी सरळ जाताना स्टार गिअर आपल्या पिनेवर फिरत नाहीत, केजसोबत नुसते जातात. गाडी वळली, की बाहेरच्या चाकाला जास्त फिरावं लागतं आणि तेव्हा ते फिरतात. ही एवढी गोष्ट डोक्यात ठेवली, तर "फक्त वळताना आवाज" आणि "सरळ जाताना आवाज" यांचा अर्थ आपोआप वेगळा होतो.

चालवून बघण्याची तयारी

हौदा रिकामा करा. जॅक, पाना, साखळी, पाण्याची कॅन, ताडपत्रीच्या कड्या, सगळं उतरवा. चारही टायरची हवा पुस्तकात दिली आहे तेवढी करा. मग चाकाच्या रिंगच्या आत हात घाला. आपल्याकडची काळी माती रिंगच्या आतल्या बाजूला बसते, वाळते आणि दगडासारखी होते. ती फक्त एका बाजूला राहिली तर चाकाचा तोल जातो आणि वेग धरताच गाडी थरथरते. पावसाळ्यानंतर "गाडी कापते" म्हणून आलेल्या गाडीत मी आधी हेच बघायला सांगतो. पाण्याचा फवारा आणि लाकडाची काठी घेऊन रिंग आतून धुवा, जॉइंट शाफ्टवरचा चिखलही काढा. शाफ्टला गुंडाळलेली दोरी, तार, पऱ्हाटी दिसली तर तीही सोडवा. थरथर एवढ्यानेच गेली, तर तुमचं काम झालं.

सोबत एक माणूस घ्या, ज्याचं काम फक्त ऐकणं आणि लिहिणं. तो मागच्या सीटवर बसेल. पिकअपमध्ये हौद्यात उभा राहून किंवा खाली वाकून कुणी ऐकायचं नाही. गाडी आधी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करा. थंड, घट्ट ऑइल बारीक आवाज झाकतं.

रस्ता निवडताना थोडा विचार करा. सरळ, सपाट, कमी वर्दळीचा आणि एकसारख्या डांबराचा रस्ता हवा. अमरावती ते अकोला दरम्यान जून २०२२ मध्ये ७५ किलोमीटरची डांबराची लेन १०५ तास ३३ मिनिटांत सलग टाकली गेली आणि तिची गिनीज विक्रमात नोंद झाली. कानाने ऐकायला असाच सलग पट्टा चांगला, कारण पोत बदलत नाही, त्यामुळे आवाज बदलला तर तो गाडीमुळे बदलला. पण महामार्गावर मध्येच वेग कमी-जास्त करणं धोक्याचं आहे. म्हणून सकाळी लवकर, तालुक्याच्या एखाद्या मोकळ्या रस्त्यावर जा.

आता रेस देऊन आणि सोडून ऐका

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे, इथे घाई करू नका. ताशी ४०, ५०, ६०, ७० अशा प्रत्येक वेगाला तीन स्थितीत आवाज ऐकायचा: रेस दाबून गाडी ओढत असताना, जेमतेम रेसवर वेग टिकवून ठेवताना, आणि पाय पूर्ण काढून गाडी गिअरमध्येच मंदावत असताना. सोबत्याने वहीत फक्त "आहे, नाही, वाढला, कमी झाला" एवढंच लिहावं.

पिनियन आणि क्राऊनच्या दातांची एक बाजू ओढताना लागते आणि दुसरी बाजू रेस सोडल्यावर. म्हणून रेस दिल्यावर बारीक, सुरात रडल्यासारखा आवाज यावा आणि पाय काढताच तो नाहीसा व्हावा, ही दातांच्या ओढणाऱ्या बाजूची तक्रार. दात झिजले असतील, नाहीतर पिनियनची बैठक चुकलेली असेल. उलट, फक्त रेस सोडल्यावर आवाज येत असेल तर पिनियनचं बेअरिंग सैल झालं का, पिनियनचा नट ढिला आहे का, हे आधी बघायचं. तिन्ही स्थितीत घरघर आहे, वेगासोबत वाढते, पण रेसने फारसा फरक पडत नाही, तेव्हा संशय दातांवरून बेअरिंगवर न्या. बेअरिंगचा आवाज लांबून पिठाची गिरणी ऐकू यावी तसा जाडसर असतो. दातांचा आवाज बारीक आणि एका सुरात असतो, आणि तो बहुधा ठरावीक वेगाच्या टप्प्यातच उठतो, त्याच्या वर-खाली कमी होतो.

इंजिन आणि गिअरबॉक्स बाजूला काढण्यासाठी दोन सोप्या चाचण्या. पहिली: गाडी उभी करून न्यूट्रलमध्ये इंजिनला तेवढीच रेस द्या. आवाज आला, तर मागे शोधूच नका. दुसरी: ताशी ५० ला एकदा तिसऱ्यात आणि एकदा चौथ्यात चालवा. वेग तोच, म्हणून जॉइंट शाफ्ट आणि डिफरन्शियल तेवढेच फिरतात, इंजिन मात्र वेगळं फिरतं. आवाजाचा सूर दोन्ही गिअरमध्ये तोच राहिला, तर तो गिअरबॉक्सच्या मागून येतोय. मोकळ्या सरळ रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल करूनही ऐकता येतं, पण चावी बंद करायची नाही. चावी बंद केली, की ब्रेकची मदत जाते आणि स्टिअरिंग लॉक होऊ शकतं.

वळणाची चाचणी बाजार समितीच्या रिकाम्या यार्डात किंवा मैदानात करा. हळू वेगात आठचा आकडा काढा. सरळ जाताना शांत आणि वळताना कुरकुर किंवा टकटक, तर स्टार-सन गिअर किंवा त्यांचे वॉशर. काही बोलेरो निओला मेकॅनिकल लॉकिंग डिफरन्शियल येतं. एक चाक चिखलात फिरू लागलं, की ते लॉक होतं आणि त्या वेळी ऐकू येणारा खटका बिघाडाचा नसतो.

टायरने फसवू नये म्हणून

घुंघुं करणाऱ्या टायरमुळे जितकी डिफरन्शियलं विनाकारण खोलली जातात, तितकी दुसऱ्या कशाने जात नसतील, असं माझं मत आहे. ओळख सोपी आहे. डिफरन्शियलला खाली डांबर आहे की सिमेंट, याच्याशी देणंघेणं नसतं. टायरला असतं. आता बहुतेक गावात शिरताना डांबर संपून सिमेंटचा रस्ता लागतो. तिथे त्याच वेगात आवाजाचा पोत बदलला, तर टायर बघा. मग गाडी थांबवून तळहात टायरच्या गोटीवरून (रस्त्याला टेकणाऱ्या नक्षीवरून) एकदा पुढे आणि एकदा मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं, किंवा खड्डे-उंचवटे जाणवले, तर आवाजाचं मूळ तिथेच असण्याची शक्यता जास्त. तरी शंका राहिली, तर पुढचे टायर मागे आणि मागचे पुढे लावून परत त्याच रस्त्यावर जा. आवाज पुढे सरकला, तर उत्तर मिळालं. खर्च फक्त पंक्चरवाल्याच्या मजुरीचा.

हबचं बेअरिंग

ताशी ४०-५० ला मोकळ्या रस्त्यावर गाडी हलकेच डावीकडे आणि मग उजवीकडे घ्या. डावीकडे घेताना भार उजव्या चाकावर जातो. तेव्हा घरघर वाढली, तर उजवं बेअरिंग संशयित. थांबल्यावर दोन्ही मागच्या हबजवळ हात न्या, आधी लांबूनच, कारण चटका बसू शकतो. एक हब दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे गरम असेल, तर बेअरिंग नाहीतर अडकलेला ब्रेक.

मग जॅकवर. सपाट, कडक जमिनीवरच. काळ्या मातीत जॅक खचतो, म्हणून खाली रुंद फळी हवीच. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे, एक्सलखाली घोडी (भार पेलणारा लोखंडी स्टँड), आणि इंजिन बंद. चाक वर-खाली धरून हलवा, मग हाताने फिरवा आणि दुसरा हात पाट्यावर (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगवर) किंवा गोल स्प्रिंगवर ठेवा. बिघडलेल्या बेअरिंगची खरखर कानाला नाही आली, तरी पाट्यावर ठेवलेल्या हाताला कळते. एक गोष्ट नवख्यांनी कधीच करायची नाही: एक चाक उचलून गाडी गिअरमध्ये टाकणं. लॉकिंग डिफरन्शियल असेल, तर जमिनीवरचं चाक गाडी जॅकवरून ढकलून देतं. साध्या डिफरन्शियलमध्येही उचललेलं चाक दुप्पट वेगाने फिरतं. इंजिन चालू ठेवून ऐकायचं काम दोन्ही चाकं नीट टांगलेल्या लिफ्टवर, जाणत्या मिस्त्रीनेच करावं.

खट् आवाज आला तर

गाडी उचलताना, रिव्हर्स टाकताना किंवा रेस सोडून परत देताना "खट्" आवाज येतो, तेव्हा कुठेतरी मोकळीक वाढली आहे. चाकांना ठोकळे लावा, न्यूट्रल करा, गाडीखाली जा आणि जॉइंट शाफ्ट हाताने उलटसुलट फिरवा. क्रॉसच्या दोन्ही बाजूंच्या दुबेळक्यांवर एक-एक हात ठेवा. एक हलते आणि दुसरी जागीच राहते, म्हणजे क्रॉस झिजला. हळू वेगात चिमणीसारखा चिवचिव आवाज येत असेल, तर क्रॉस कोरडा पडला आहे. ग्रीस निप्पल असेल तर ग्रीस भरून बघा; क्रॉसच्या चारही टोकांमधून नवं ग्रीस बाहेर यायला हवं. एका टोकातून आलं नाही, तर तो क्रॉस बदलायचा. रोज नाला ओलांडणाऱ्या गाडीला पावसाळ्यात ग्रीस जास्त वेळा लागतं.

शाफ्ट आणि पिनियनचा फ्लॅंज (शाफ्ट जिला जोडतात ती चकती) सोबत हलतात, पण चाक हलत नाही, ती मोकळीक डिफरन्शियल आणि एक्सलच्या खाचांमधली. थोडी मोकळीक असायलाच हवी. क्राऊन आणि पिनियनच्या दातांत बहुतेक गाड्यांत ०.१ ते ०.२ मिलिमीटरच्या आसपास फट ठेवलेली असते. ती, स्टार-सनची आणि एक्सलच्या खाचांची मिळून शाफ्टवर हाताला बरीच जास्त वाटते. म्हणून नुसत्या हाताच्या अंदाजावर सेट बदलायचा निर्णय घेऊ नका. तशाच दुसऱ्या, नीट चालणाऱ्या गाडीचा शाफ्ट फिरवून फरक बघा. आणि हो, पाटे एक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट ढिले असले तरी अगदी असाच खट् येतो. पाना लावून आधी ते बघा.

थरथर मोजायची कशी

थरथर कुठून येते ते तिच्या वेगावरून कळतं. बोलेरोचा २१५/७५ चा, १५ इंची रिंगवरचा टायर एका फेऱ्यात साधारण २.२ मीटर जातो. म्हणजे ताशी ६० ला चाक सेकंदाला साडेसात फेरे मारतं. डिफरन्शियलचं गुणोत्तर ४ च्या आसपास धरलं, तर जॉइंट शाफ्ट त्याच वेळी सेकंदाला तीसेक फेरे मारतो. चाकाचा दोष हळू, दणकणारा, सीट हलवणारा असतो. शाफ्टचा दोष मुंग्या आल्यासारखा बारीक, फरशीवर आणि गिअरच्या दांड्यात जाणवणारा, सोबत घुमणारा आवाज. स्टिअरिंग थरथरत असेल, तर आधी पुढची चाकं बघा.

शाफ्टमध्ये काय बघायचं? दगड लागून पोचा आलाय का, तोलासाठी वेल्ड केलेली पत्र्याची चकती पडून गेली का (जागी गंजलेला चौकोन दिसतो), सेंटर बेअरिंगचं रबर फाटलंय का. नुकताच क्रॉस बदलला आणि त्यानंतर थरथर सुरू झाली असेल, तर शाफ्ट खोलताना खुणा केल्या होत्या का, ते विचारा. शाफ्टची दोन्ही टोकं पूर्वीच्याच रेषेत बसायला हवीत.

आपल्या भागात आणखी एक कारण वारंवार सापडतं: जास्त भरता यावं म्हणून टाकलेला जास्तीचा पाटा. त्याने मागचा भाग उचलला जातो, पिनियनचा कोन बदलतो आणि रिकामी गाडी थरथरते. भरल्यावर ती शांत होते, म्हणून मालकाला वाटतं गाडीला भार आवडतो. खरं तर क्रॉस त्या काळात झिजत असतो.

ऑइल बघा

हे काम सोपं, स्वस्त आणि भरपूर सांगून जाणारं आहे. गाडी सपाट जागी उभी करा. भरायचा वरचा नट आधी सोडवा. तो गंजून अडकला असेल आणि तुम्ही खालून ऑइल आधीच सोडून दिलं, तर गाडी तिथेच अडकेल. वरच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत ऑइल असायला हवं. बोट वाकवून टेकत नसेल, तर कमी आहे. कमी ऑइल म्हणजे आवाजाचं कारणही आणि पुढच्या नुकसानीचंही. मग गळती शोधा: पिनियनच्या सीलखाली ओला, धूळ चिकटलेला काळा पट्टा, किंवा चाकाच्या आत ब्रेक ड्रमवर ऑइल.

आता थोडं ऑइल पांढऱ्या ताटलीत किंवा कागदावर घ्या. दुधाच्या चहासारखं झालं असेल, तर पाणी शिरलंय. तापलेलं हौसिंग, म्हणजे तो लोखंडी भोपळा, रपट्याच्या थंड पाण्यात बुडलं, की आतली हवा आकसते आणि ब्रीदरमधून (हवा आत-बाहेर करायच्या छोट्या नळीतून) किंवा सीलमधून पाणी ओढून घेते. ब्रीदर चिखलाने बुजलेला असेल, तर गरम हवा बाहेर पडायला जागा उरत नाही आणि सील गळू लागते. म्हणून ब्रीदर दरवेळी साफ करा. पाणी शिरलेलं ऑइल तसंच ठेवून एक हंगाम चालवलं, तर बेअरिंगला गंजाचे ठिपके पडतात आणि मग खरोखरच घरघर सुरू होते.

खालच्या नटाला चुंबक असेल, तर त्यावर राखाडी, लोण्यासारखा मऊ लेप असणं नेहमीचं आहे. बोटांत चोळल्यावर टोचणारे कण, चकचकीत पापुद्रे दिसले, तर बेअरिंग सोलतंय. दाताचा तुकडा सापडला, तर गाडी तिथेच थांबवा, टोचन करून न्या. तुटलेला दात क्राऊन-पिनियनमध्ये अडकला, तर मागची चाकं धावत्या गाडीत जाम होऊ शकतात.

नवीन ऑइल पुस्तकात लिहिलंय तेच घाला. दुकानात "नव्वद नंबर" मागितलं, की काहीही हातात येतं. डब्यावर जीएल-५ आहे का ते वाचा. मागच्या डिफरन्शियलचे दात एकमेकांवर घासत सरकतात, त्यांना ती जास्त दाबाची श्रेणी लागते. उरलेलं ऑइल गिअरबॉक्समध्ये ओतू नका. तिथे जीएल-४ सांगितलं असेल, तर आतल्या पितळी रिंगांना ते चालत नाही.

खोलायचंच ठरलं तर

वही घेऊन मिस्त्रीकडे जा. "आवाज येतो" म्हणण्याऐवजी "६० ला रेस दिल्यावर येतो, सोडल्यावर बंद, सिमेंटवर बदलत नाही, ऑइलमध्ये पापुद्रे आहेत" असं सांगा. चांगला मिस्त्री त्यावरून कुठे बघायचं ते लगेच ठरवतो.

दोन गोष्टी विचारायला लाजू नका. फट मोजायला डायल गेज आहे का? आणि दातांना मार्किंगचा रंग लावून ठसा बघणार का? ठसा दाताच्या मधोमध यायला हवा, टोकाला किंवा मुळाशी नाही. क्राऊन आणि पिनियन कारखान्यातून जोडीने घासून येतात, दोन्हींवर जुळणारा नंबर असतो. एकच बदलून चालत नाही, मग कुणी कितीही स्वस्तात देवो. बेअरिंगच गेलं असेल आणि दात चांगले असतील, तर फक्त बेअरिंग बदलून नीट बसवणं शक्य असतं. हा पर्याय आधी मागा.

नुसतं पिनियनचं सील बदलायचं असेल, तर नट सोडण्याआधी नट, शाफ्ट आणि फ्लॅंजवर खूण करायला सांगा आणि शाफ्ट सहज फिरतोय की जड, हे आधी तपासायला सांगा. पुष्कळ गाड्यांत त्या नटाच्या आवळण्यावरच पिनियन बेअरिंगचा ताण ठरतो. एअर गनने दणादण आवळला, तर सील थांबतं आणि आवाज सुरू होतो.

जुन्या गाडीत वर्षानुवर्षं तोच हलका आवाज असेल, तो वाढत नसेल, ऑइल स्वच्छ आणि भरलेलं असेल, तर मी ती खोलायला सांगणार नाही. ऑइल वेळेवर बदला आणि दर काही महिन्यांनी त्याच रस्त्यावर, त्याच वेगाला ऐकून वहीत लिहा.

नवा सेट बसवल्यावर पहिले काहीशे किलोमीटर गाडी भरू नका. थोडं चालवून थांबवा, हौसिंग थंड होऊ द्या, मग परत निघा. मिस्त्री सांगेल तेव्हा ऑइल एकदा लवकर बदला, कारण सुरुवातीची झीज त्यात उतरते. पहिल्या फेरीनंतर पिनियनच्या सीलखाली कोरडं कापड फिरवा. ते ओलं झालं, तर कापूस भरण्याआधी गाडी परत मिस्त्रीकडे न्या.